कॉम्प्रेसर लावलाय ना?

कार्यक्रमाच्या आयोजकाला साउंडमधलं एकच यंत्र नावानिशी माहीत असतं. गाणारे किती, तबला डावीकडे बसणार की उजवीकडे, हॉल घुमतो का, यातलं काही तो विचारत नाही. आल्या आल्या खांद्यावर हात ठेवून विचारतो, "कॉम्प्रेसर लावलाय ना?" हो म्हटलं की निर्धास्त होऊन चहाच्या व्यवस्थेकडे वळतो. मीही हो म्हणतो. कॉम्प्रेसर डिजिटल मिक्सरच्या प्रत्येक चॅनेलवर आयताच बसवलेला असतो, त्यामुळे खोटं बोलल्याचं पाप लागत नाही. तो चालू आहे की बंद हे त्याने विचारलेलं नसतं.

आयोजकाला मी दोष देत नाही. त्याला मंडप, हार-तुरे आणि वेळेवर न येणारे प्रमुख पाहुणे सांभाळायचे असतात. माझा राग आहे तो मिक्सरमागे, स्टुडिओत आणि ‘साउंड इंजिनीअरिंग’च्या क्लासात बसलेल्या माझ्याच जातभाईंवर. या लोकांनी कॉम्प्रेसरचा मंत्र करून टाकलाय. लावला की आवाज ‘प्रोफेशनल’ होतो, ‘पंच’ येतो, गाणं ‘पुढे’ येतं. काय करून पुढे येतं, असं विचारलं तर आकडे म्हणून दाखवतात: थ्रेशोल्ड वजा वीस, रेशो चारास एक, अटॅक दहा, रिलीज शंभर. पाढे म्हणावेत तसे घडाघडा.

यंत्राचं काम खरं तर सोपं आहे. आवाज ठरावीक पातळीच्या वर गेला की ते तो काही प्रमाणात खाली दाबतं, आणि पातळीखाली आला की हात काढून घेतं. जन्म याचा नभोवाणीतला. फेडरवर हात ठेवून बसलेला माणूस कितीही चपळ असला तरी निवेदकाची अचानक वाढलेली पट्टी पकडेपर्यंत प्रक्षेपकाची मर्यादा ओलांडली जायची आणि आवाज फाटायचा. म्हणून १९३०च्या दशकात हे काम यंत्राकडे आलं. वेस्टर्न इलेक्ट्रिकचा ११०ए हा लिमिटर १९३७चा. पुढे तबकड्या कापणाऱ्यांना तो लागू लागला, कारण एक जोरकस फटका जादा गेला की खाच शेजारच्या खाचेत घुसायची आणि ऐकणाऱ्याच्या घरी सुई उडी मारायची. म्हणजे हे यंत्र अडचणीतून आलं. प्रक्षेपक वाचवणं, तबकडी वाचवणं हे त्याचं काम. आज ना प्रक्षेपक फाटतोय ना सुई उडतेय, तरी ते सगळीकडे लावलेलंच आहे, आणि कशासाठी, ते लावणाऱ्यालाही सांगता येत नाही.

पाठ केलेल्या आकड्यांतला पहिलाच घ्या. ‘थ्रेशोल्ड वजा वीस ठेव.’ हे वाक्य ज्याने पहिल्यांदा उच्चारलं त्याला मिक्सरवरून उठवून खुर्च्या लावायला पाठवलं पाहिजे. थ्रेशोल्ड म्हणजे ज्या पातळीच्या वर दाबायला सुरुवात करायची ती पातळी. ती वजा वीसवर ठेवायची की वजा पाचवर, हे आत येणारा आवाज किती आहे त्यावर ठरतं. एका गायिकेचं ध्वनिमुद्रण वजा आठपर्यंत पोचतंय, तिथे वजा वीसचा थ्रेशोल्ड तिच्या बहुतेक ओळी दाबून ठेवील. दुसरीचं वजा तिसाच्या वर कधी जातच नाही, तिथे तोच थ्रेशोल्ड नुसता बसून राहील, गाणं संपेपर्यंत एकदाही जागा होणार नाही. आकडा तोच, यंत्र तेच. एकीकडे गळा आवळलाय आणि दुसरीकडे शून्य परिणाम. शेजाऱ्याचा चष्मा घालून पेपर वाचावा तसा हा प्रकार आहे, आणि वर ‘किती स्वच्छ दिसतंय’ म्हणायचं! प्रीसेटचंही हेच. ‘स्त्रीस्वर – उबदार’ असं नाव देऊन कुणी प्रीसेट विकतो, तेव्हा त्याला तुमच्या गायिकेची पातळी स्वप्नात दिसलेली नसते.

रेशोचं गणित चौथीतल्या पोराला जमेल. चारास एक म्हणजे थ्रेशोल्डच्या वर १२ डेसिबल गेलेला आवाज बाहेर पडताना फक्त ३ डेसिबल वर राहतो; ९ कापले गेले. दोनास एक केला तर ६ राहतात. वीसास एकच्या पुढे गेलात की तो व्यवहारात लिमिटरच, म्हणजे भिंतच. बस, यापलीकडे त्यात गूढ काही नाही. पण क्लासमध्ये दोन-दोन तास याच्यावरच जातात, कारण रेशोचा आलेख फळ्यावर काढता येतो. तिरकी रेघ, मग वाकलेली रेघ. विद्यार्थी वहीत उतरवून घेतात आणि आपल्याला कॉम्प्रेसर समजला असं मानून घरी जातात. ज्या दोन बटणांवर सगळं अवलंबून आहे ती वेळेची बटणं आहेत, आणि वेळ फळ्यावर काढता येत नाही.

त्यांच्याकडे वळण्यापूर्वी एका लबाडीचा हिशेब करू. कॉम्प्रेसर आवाज कमी करतो. हो, कमी. मग तो लावल्यावर आवाज मोठा कसा होतो? दाबलेलं सगळं पुन्हा वर उचलायला एक वेगळं बटण असतं, मेकअप गेन. ९ डेसिबल दाबले, ९ डेसिबल उचलले. आता गायकाचे जोरकस सूर पूर्वीइतकेच राहिले. पण जे थ्रेशोल्डच्या खाली होतं आणि दाबलंच गेलं नव्हतं, तेही सगळं ९ डेसिबलने वर आलं: श्वास, पेटीच्या भात्याची घरघर, एसीचा आवाज, पहिल्या रांगेतला खोकला. एकंदर आवाज मोठा झाला. आणि थोडा मोठा आवाज माणसाच्या कानाला सहसा बरा वाटतो. फ्लेचर आणि मनसन यांनी १९३३ मध्येच मोजून दाखवलं होतं की कानाची संवेदनशीलता पातळीनुसार बदलते. हळू आवाजात खर्ज सगळ्यात जास्त मार खातो आणि पातळी वाढवली की तो भरून येतो. म्हणजे तेच गाणं नुसतं फेडरने थोडं वाढवलं, तरी तुम्ही म्हणणार, काय भरीव वाटतंय! प्लगइन विकणाऱ्यांचं निम्मं दुकान यावरच चालतं. ‘आधी’ आणि ‘नंतर’ ऐकवतात, आणि ‘नंतर’ नेमकं थोडं मोठं असतं. दोन्हीची पातळी समान करून ऐकवा म्हटलं की समोरचा विषय बदलतो.

प्रत्यक्ष कार्यक्रमात तर हा मेकअप गेन आणखी एक उपद्व्याप करतो. गायक गात असताना कॉम्प्रेसर ६ डेसिबल दाबतोय आणि वर ६ डेसिबल मेकअप दिलाय. सगळं ठीक वाटतं. गायक थांबला. दाबणं थांबलं, मेकअप तसाच. म्हणजे तो गप्प बसलेला असताना त्याचा माईक ६ डेसिबलने जास्त उघडा. नेमकी त्या क्षणी शिट्टी वाजते. मग मिक्सरवाला धावत जाऊन माईक बदलतो, स्पीकर फिरवतो, गायकाला म्हणतो, "बुवा, माईक जरा जवळ घ्या." नाचता येईना अंगण वाकडं. गाणं चालू असताना शिट्टी येत नाही आणि शांततेत येते, एवढी एक गोष्ट ध्यानात घेतली असती तर कारण समोरच दिसलं असतं.

आता अटॅक. दहापैकी नऊ जण सांगतील की अटॅक म्हणजे कॉम्प्रेसर ‘काम सुरू करण्याआधी किती वेळ थांबतो’ तो काळ. चूक. साफ चूक. कॉम्प्रेसर थांबत वगैरे नाही. थ्रेशोल्ड ओलांडला गेला त्या क्षणी तो दाबायला लागतो. अटॅक सांगतो ते एवढंच की हे दाबणं बहुतांशी पुरं व्हायला किती वेळ लागेल. ‘बहुतांशी’ म्हणजे किती, ते प्रत्येक कंपनी आपापल्या सोयीने मोजते. कुणी सुमारे दोन-तृतीयांश धरतं, कुणी नव्वद टक्के. त्यामुळे एका प्लगइनमधले १० मिलिसेकंद आणि दुसऱ्यातले १० मिलिसेकंद यांचा एकमेकांशी संबंध असेलच असं नाही. हेच आकडे आपण वहीत लिहून घेतो आणि व्हॉट्सॲपवर एकमेकांना पाठवतो.

हे किती महागात पडतं ते ढोलकीवर ऐकायचं. लावणीचं ध्वनिमुद्रण होतं, ढोलकीवाला असा की शाईवरचं बोट पडलं की काचेच्या तावदानावर खडा आपटल्यासारखं ऐकणाऱ्याने दचकावं. खोलीत उभं राहून ऐकलं तेव्हा अंगावर काटा आला. काचेपलीकडे कंट्रोल रूममध्ये गेलो तर तिथे कुणीतरी भद्-भद् करत उशी बडवत असल्याचा आवाज. पडद्यावर पाहिलं: अटॅक ०.१ मिलिसेकंद. बसलेल्या मुलाला विचारलं, इतका का? म्हणाला, "सर, ढोलकी फास्ट आहे ना, म्हणून अटॅक फास्ट." वा! ढोलकीच्या थापेची ओळख असते ती पहिल्या काही मिलिसेकंदांत, चामड्याला बोट भिडतं त्या टणक कडेत. मागून येतो तो धुमाचा घुमारा आणि शाईचा नाद. अटॅक इतका जलद ठेवला की कॉम्प्रेसर नेमकी ती कडच खाऊन टाकतो, आणि मग मेकअप गेन देऊन उरलेला घुमारा वर उचलला जातो. कलावंताने वर्षानुवर्षं बोटं फोडून कमावलेली गोष्ट यंत्राने काढली, आणि खोलीचा घुमारा तेवढा वाढवून दिला.

अटॅक पंचवीस-तीस मिलिसेकंदांच्या आसपास नेला. थाप निसटून पुढे गेली, तिच्या मागचा नाद दाबला गेला. ढोलकी परत ढोलकीसारखी वाजायला लागली, उलट कानाला जास्तच टणक लागली, कारण थाप आणि घुमारा यांतलं अंतर आता वाढलं होतं. म्हणजे ज्या यंत्राला सगळे ‘आवाज सपाट करणारं यंत्र’ म्हणतात त्याने इथे चढउतार वाढवला. हे ऐकून त्या मुलाने काय करावं? खिशातून मोबाईल काढला आणि ‘ढोलकी – २५’ अशी नोंद केली. मी कपाळावर हात मारून घेतला. पुढच्या ढोलकीला, पुढच्या लयीला, पुढच्या माईकला तो २५ लावणार आणि मला ते एखाद्या गणपतीत ऐकायला लागणार.

रिलीजकडे तर कुणी ढुंकूनही पाहत नाही, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त गाणी याच एका बटणाने मारली आहेत. आवाज थ्रेशोल्डच्या खाली आल्यावर कॉम्प्रेसरने हात किती वेळात काढायचा, ते हे बटण ठरवतं. फार हळू काढला तर पहिल्या ठोक्याचं ओझं दुसऱ्या ठोक्यावर पडतं, दुसऱ्याचं तिसऱ्यावर, आणि सगळं गाणं कायमचं दबून बसतं. फार जलद काढला तर दोन आपत्ती. पहिली खर्जात. डग्ग्याचा खर्ज ८०-१०० हर्ट्झच्या आसपास धरा. म्हणजे त्याच्या एका लहरीला दहा-बारा मिलिसेकंद लागतात. अटॅक आणि रिलीज दोन्ही याहून जलद ठेवलेत की कॉम्प्रेसर ठोका पाहत नाही, लहर पाहतो. प्रत्येक लहरीचा माथा दाबतो, लगेच सोडतो, पुन्हा दाबतो. लहरीचा आकारच बदलतो आणि डग्गा फरफरायला लागतो. मग डग्ग्याचा माईक फाटतोय असं निदान होतं, माईक मागे सरकवला जातो, आणि तबलजी बिचारा विचारात पडतो की आज आपली मींड का लागत नाही.

दुसरी आपत्ती मी श्रोत्यांत बसून ऐकली. ख्यालाची मैफल, मध्यम आकाराचं सभागृह, स्टेजवरच्या मॉनिटरलाही बाहेरचाच मिक्स जात होता. मिक्सरवाल्याने मुख्य आउटपुटवरच, म्हणजे गवई, तबला, पेटी, तानपुरे या सगळ्यांवर मिळून, एक कॉम्प्रेसर चढवलेला. रिलीज पाव सेकंदाच्या आतबाहेर असावा. बुवांनी षड्ज लावला की तानपुरे दबायचे. बुवांनी श्वास घेतला की तानपुरे उसळून वर यायचे, त्यांच्याबरोबर एसीसुद्धा. आलापीतल्या दोन आकृतींच्या मधली जागा ही ख्यालातली रिकामी जागा नव्हे. तिथे मागचा स्वर विरत असतो आणि पुढचा जमत असतो. इथे प्रत्येक जागेत तानपुऱ्यांचा लोंढा घुसत होता. बुवांनी हात करून सांगितलं, तानपुरा कमी. याने तानपुऱ्याचा फेडर खाली घेतला. आता बुवा गायला लागले की तानपुरा पार गायब. बुवांनी परत सांगितलं, तानपुरा वाढवा. याने वाढवला. पुन्हा श्वासागणिक लोंढा. हा खेळ मध्यंतरापर्यंत चालला, आणि शेवटी बुवांच्या चेहऱ्यावर जी चीड दिसली तिचा अर्थ श्रोत्यांनी ‘किती तल्लीन झालेत’ असा लावला. मिक्सरवाला मात्र कॉम्प्रेसरवरचे लाल-पिवळे दिवे नाचताना पाहून खूश होता. दिवे नाचतायत, म्हणजे यंत्र काम करतंय!

त्यातच तबला. विलंबित एकताल, अतिविलंबित लयीत एकेक मात्रा चार-पाच सेकंदांची असते. तबलजीने जोरात धिं दिला की डग्ग्याच्या खर्जाने कॉम्प्रेसर जागा व्हायचा आणि सगळ्यांनाच दाबायचा, त्यात गवईही. नेमका समेवर, जिथे गायकाचा आवाज पोचायला हवा, तिथेच तो खाली जायचा. यावर साधा इलाज आहे. कॉम्प्रेसर ‘ऐकतो’ त्या मार्गावर, म्हणजे साइडचेनवर, खर्ज गाळणारा फिल्टर लावता येतो. मग डग्गा वाजतो पण कॉम्प्रेसर त्याच्यावरून चिडत नाही. बहुतेक डिजिटल मिक्सरवर हे बटण असतं. त्याहून साधा इलाज म्हणजे ख्यालाच्या मैफलीत मुख्य आउटपुटवरचा तो कॉम्प्रेसर काढून टाकणं. पण काढून टाकलं तर आयोजकाला काय सांगणार?

उरलेल्या बटणांबद्दल फार बोलण्यासारखं नाही. ‘नी’ हे बटण थ्रेशोल्डपाशी दाबणं एकदम सुरू व्हावं की हळूहळू, ते ठरवतं. गाण्याला सहसा हळूहळू बरं. स्टिरिओवर लावताना डाव्या-उजव्या बाजू जोडून घ्या, नाहीतर एका बाजूला जोराचा ठोका पडला की गायक दुसऱ्या बाजूला सरकल्यासारखा वाटतो. झालं.

आता पुराणवस्तूंच्या भक्तांकडे. या जमातीला जुन्या यंत्रांची नावं देवाच्या नावासारखी घ्यायला आवडतात. फेअरचाइल्ड ६७०! रेन नार्मा यांनी बनवलेलं, वीस व्हॉल्व्हचं, सुमारे तीस किलो वजनाचं धूड. खरं यंत्र यांतल्या फार थोड्यांनी डोळ्यांनी पाहिलंय. त्याचं चित्र असलेलं प्लगइन मात्र प्रत्येकाकडे आहे, त्यातलं निम्म्यांकडे चोरीचं. त्या यंत्रावर अटॅक आणि रिलीजची वेगळी बटणं नव्हतीच. दोन्ही मिळून सहा जागांचं एक बटण. एलए-२ए या दुसऱ्या जुन्या यंत्रावर तर त्याहून कमी: किती दाबायचं आणि किती उचलायचं, एवढंच. आत एक दिवा आणि प्रकाशाने बदलणारा एक घटक. सुटताना निम्मं ओझं झटकन उतरवतो आणि उरलेलं सेकंद-सेकंद रेंगाळत. गाण्यावर तो गोड लागतो तो याच दुहेरी रिलीजमुळे. पण याचा विचार कोण करतो? ‘व्हॉल्व्हचा उबदारपणा’ म्हटलं की काम भागतं.

आणि ११७६. बिल पुटनम यांचं हे १९६०च्या दशकातलं यंत्र आमच्या क्षेत्रातल्या अज्ञानाची चालती-बोलती परीक्षा आहे. त्याची अटॅक आणि रिलीजची बटणं उलटी आहेत: पूर्ण उजवीकडे फिरवली की सगळ्यात जलद. अटॅक २० ते ८०० मायक्रोसेकंद. म्हणजे त्याचा सगळ्यात ‘हळू’ अटॅकसुद्धा सेकंदाच्या हजाराव्या भागाहून लहान! तरीही लोक अटॅक उजवीकडे नेऊन सांगतात, "अटॅक स्लो केलाय, बघा थाप कशी पुढे येतेय." मी बघतो. थाप येत नाही. पण सांगणाऱ्याला ती ऐकू येत असते, कारण ती यायला हवी असं त्याने कुठेतरी वाचलेलं असतं.

खरा आजार हाच आहे. डोळे. पडद्यावर लहरींची चित्रं आली तेव्हापासून कान कामावर येईनासे झाले. चित्रात उंच-सखल दिसलं की हात शिवशिवतात. सगळं एका उंचीचं, विटेसारखं झालं की समाधान. गाण्याच्या जगात या विटांची मोठी शर्यत होऊन गेली. २००८ साली मेटॅलिका या बँडचा ‘डेथ मॅग्नेटिक’ हा अल्बम इतका ठेचून बाजारात आला की ‘गिटार हीरो’ या व्हिडिओ गेममधली त्याच गाण्यांची आवृत्ती ऐकायला बरी निघाली आणि चाहत्यांनी नव्याने मिक्स करून द्या म्हणून अर्ज केला. हेवी मेटल ऐकणाऱ्यांनी आवाज फार झाला म्हणून तक्रार करावी, यापुढे काय बोलायचं!

त्या शर्यतीचं बक्षीसही आता रद्द झालंय, हे आमच्या निर्मात्यांना अजून कुणी कळवलेलं नाही. युरोपातल्या प्रसारण संघाने २०१० साली आर १२८ हे मानक आणलं; शिखर किती उंच यावरून न ठरवता कानाला सरासरी किती मोठं वाटतं ते मोजायचं, आणि वजा २३ एलयूएफएसवर सगळ्यांना आणायचं. स्पॉटिफाय साधारण वजा १४ला आणतं. तुम्ही गाणं ठेचून वजा ६ला नेलंत की ते निमूटपणे ८ डेसिबलने खाली ओढतात. तुमची मोठ्या आवाजाची कमाई गेली. ठेचल्यामुळे मेलेल्या थापा मात्र मेलेल्याच राहिल्या. शेजारी वजा १४ला मोकळं ठेवलेलं गाणं तेवढ्याच पातळीवर वाजतं आणि त्याची ढोलकी पडद्यातून बाहेर उडी मारते. हे सगळं एका निर्मात्याला समजावून सांगितल्यावर तो म्हणाला, "ते ठीक आहे हो, पण माझ्या गाडीत ते दुसरं गाणं जास्त लाऊड वाजतं." त्याच्या गाडीत पेनड्राइव्ह होता.

मिरवणुकीतल्या स्पीकरच्या भिंतींबद्दल लिहिलं की लगेच मला संस्कृतीचा शत्रू ठरवतात. ठरवा. तिथे कॉम्प्रेसर आणि लिमिटर ‘स्पीकर वाचवण्यासाठी’ लावलेले असतात, आणि तरी रात्रीत दोन-चार स्पीकर जळतातच. कारण लिमिटर शिखरं अडवतो. स्पीकरची कॉइल जळते ती सरासरी वीज तापवते म्हणून. शिखर आणि सरासरी यांतलं अंतर दाबून दाबून पुसून टाकलं की शिखर तेवढंच राहून सरासरी चढत जाते. शिखरं अडवणारं यंत्र बिनकामाचं ठरतं आणि कॉइलमधून धूर निघतो. कानाचंही तसंच. अमेरिकेतल्या नायॉश या संस्थेचा हिशेब ८५ डेसिबलला आठ तास, आणि पुढे प्रत्येक ३ डेसिबलला वेळ निम्मा; १०० डेसिबलला पंधरा मिनिटं. मोकळ्या संगीतात ठोक्यांच्या मध्ये कानाला उसंत तरी मिळते. विटेत ती नाही. आपल्याकडच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल लिहिलेत, २००० सालापासून. ते वाचून भिंतवाले काय म्हणतात ते इथे छापता येणार नाही.

कॉम्प्रेसर वाईट आहे असं मी म्हणत नाही. कीर्तनकाराला तो लागतोच. बुवा निरूपणात कुजबुजतात, अभंगावर आले की टिपेला जातात, आणि दोन्ही वेळी मान माईकपासून दोन दिशांना असते. तिथे फेडरवर कितीही तयार हात असला तरी पुरा पडत नाही. गाडीत, रस्त्याच्या आवाजात बातम्या ऐकायच्या असतील तर निवेदकाला तो हवाच. प्रश्न लावण्याचा नाही, ऐकण्याचा आहे. आणि ऐकायला शिकवता येतं, ते अजिबात अवघड नाही. रेशो मुद्दाम भरमसाट करा, थ्रेशोल्ड पार खाली आणा, म्हणजे यंत्र काय करतंय ते बहिऱ्यालाही ऐकू येईल. आता अटॅक फिरवा आणि नुसती थाप ऐका: ती कुठे जाड होते, कुठे टोकदार, कुठे मरते. मग रिलीज फिरवा. गाण्याच्या लयीबरोबर श्वास घेतोय असं वाटेपर्यंत. पुढचा ठोका यायच्या आत हात निघाला पाहिजे. दोन्ही जमले की रेशो कमी करत आणा, आणि सगळ्यात शेवटी थ्रेशोल्ड वर न्या, गरज असेल तिथेच तो जागा होईल इतका. म्हणजे क्लासमध्ये शिकवतात त्याच्या जवळजवळ उलट क्रमाने.

यातले आकडे मी दिलेले नाहीत, हे तुमच्या लक्षात आलं असेल. कुणीतरी मला ते विचारणार, हे मला माहीत आहे.

भरमसाट फी घेऊन प्रमाणपत्रं वाटणाऱ्या क्लासांना माझी एक सूचना आहे, खर्च शून्य. विद्यार्थ्याला बसवा, पडद्यावर टॉवेल टाका. कॉम्प्रेसर लावलेला आणि न लावलेला असे दोन आवाज पातळी समान करून ऐकवा, क्रम उलटसुलट करून. कुठला कुठला ते ओळखता आलं आणि लावल्याने काय सुधारलं ते एका वाक्यात सांगता आलं, तर कागद द्या. नाही आलं, तर पुढच्या कार्यक्रमात त्याने त्या चॅनेलवरचा कॉम्प्रेसर बंद करून ठेवावा. श्रोत्यांतला एकही जण तक्रार करणार नाही, आणि तबलजी मध्यंतरात बोलावून चहा पाजण्याची शक्यता आहे.